तोंडही उघडून पाहावे

मा. संपादक,

डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये उभारलेल्या सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, पहिल्याच वर्षी तेथे शिबिरासाठी मुक्काम करते आणि नेमून दिलेल्या कुटुंबांकडे पुढेही जात राहते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात आणलेला कुटुंब दत्तक कार्यक्रम याच वाटेवरचा. मात्र दंतवैद्यकाचे विद्यार्थी त्यात नाहीत. ज्या विदर्भात खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचे मिश्रण, चहाइतका सहज मिळतो, तेथे ही उणीव लहान नाही.

अमेरिकेत सॅन दिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे विद्यार्थी १९९७ पासून मोफत दवाखाने चालवतात आणि तेथे दातांवरही उपचार होतात, अर्थात परवानाधारक डॉक्टरांच्या देखरेखीखाली. ही अट आपल्याकडेही सोडता कामा नये. गरिबाच्या तोंडात सराव करून आपला हात बसवून घेणे ही सेवा नव्हे.

नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयाने आपले इंटर्न, सोबत एक अध्यापक देऊन, या दत्तक गावांत नियमित पाठवावेत. गालाच्या आतला पांढरा चट्टा किंवा पुरते न उघडणारे तोंड, ही तोंडाच्या कर्करोगाआधीची धोक्याची चिन्हे हेरायला दंतखुर्ची लागत नाही, बॅटरी आणि छोटा आरसा पुरतो.

– एक वाचक, वर्धा