नवे संगणक : निवड ऑर्डर देण्याआधी करा

माननीय संपादक,
स. न.

विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. त्यामुळे अक्कलकोट रस्ता आणि चिंचोळी एमआयडीसीतले कारखाने, पतसंस्था, रुग्णालये यांना कधी ना कधी संगणक बदलावेच लागणार. खोकी आल्यावर एका माणसाने प्रत्येक मशीनसमोर बसून नेक्स्ट-नेक्स्ट करण्याची पद्धत आता सोडता येते. कर्मचारी वायफाय जोडून ऑफिसचा ईमेल टाकतो, उरलेले मायक्रोसॉफ्टच्या दोन सेवा करतात : विंडोज ऑटोपायलट (नवे मशीन आपोआप तयार करणारी) आणि इंट्यून (संस्थेचे संगणक दूरून सांभाळणारी). पण हे ठरवायचे कोटेशन मागवताना. बिल झाल्यावर फार थोडे हातात राहते.

ऑर्डरमध्ये 'विंडोज ११ प्रो' असे स्पष्ट लिहा. होम आवृत्तीचा लॅपटॉप स्वस्त दिसतो, पण त्यावर ऑटोपायलट चालत नाही. अपग्रेडचा खर्च मागाहून येतोच. मशीन ऑटोपायलटमध्ये आपल्या संस्थेच्या नावावर नोंदवून देणार का, हे विक्रेत्याला विचारा. तो नाही म्हणाला तर पहिल्या पडद्यावर शिफ्ट आणि एफ१० दाबून, पॉवरशेलच्या (विंडोजमधली आज्ञा देण्याची खिडकी) स्क्रिप्टने हार्डवेअर हॅश, म्हणजे त्या मशीनची ओळख पटवणारा मजकूर, काढून त्याची सीएसव्ही फाइल इंट्यूनमध्ये अपलोड करावी लागते. ती फाइल एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका. मांडणी बिघडते आणि अपलोड नाकारले जाते.

पाच-सहाच मशीन असतील तर एवढा खटाटोप कशाला? मायक्रोसॉफ्टच्या विंडोज कॉन्फिगरेशन डिझायनर या प्रोग्रॅममध्ये सेटिंगचे पॅकेज बनवून पेनड्राइव्हने लावा. त्यातले टोकन (मशीन संस्थेच्या खात्याशी जोडण्याची परवानगी) जास्तीत जास्त १८० दिवस चालते, एवढे लक्षात ठेवा. ऑटोपायलट वापरणार असाल तर त्याचे प्रोफाइल, म्हणजे मशीन कसे तयार व्हावे याची सेटिंग, निवडावी लागते. एका माणसाचा एक लॅपटॉप असेल तर 'यूजर-ड्रिव्हन' (कर्मचारी स्वतः लॉगिन करतो), आणि प्रोफाइलमध्ये खाते 'स्टँडर्ड'च (अॅडमिनचे अधिकार नसलेले) ठेवा. काउंटरवर तिघे-चौघे वापरतात त्या मशीनला 'सेल्फ-डिप्लॉयिंग' (कुणाच्या लॉगिनशिवाय आपोआप तयार होणारे). त्याला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागतेच. बार्शी-पंढरपूरच्या शाखेत इंटरनेट रडतखडत चालत असेल, तर सोलापुरातच पहिल्या पडद्यावर विंडोज की पाच वेळा दाबून प्री-प्रोव्हिजनिंग करा, म्हणजे बरीचशी तयारी आधीच उरकून घ्या. हिरवा पडदा आला की 'रीसील' दाबून मशीन बंद करा आणि पाठवा. ऑटोपायलटच्याच 'डिव्हाइस प्रिपरेशन' या नव्या पर्यायाला आधी हॅश नोंदवावा लागत नाही, पण त्यात सेल्फ-डिप्लॉयिंग किंवा प्री-प्रोव्हिजनिंग नाही. मशीन आधीच ऑटोपायलटमध्ये नोंदलेले असेल तर जुनेच प्रोफाइल लागू होते, हेही अनेकांच्या ध्यानात येत नाही.

गाडी बहुतेक वेळा सॉफ्टवेअरपाशी अडते. हिशेबाच्या जुन्या प्रोग्रॅमचा इन्स्टॉलर मध्येच 'ओके' दाबायला सांगतो. इन्स्टॉलेशन पडद्यामागे चालू असल्याने ती खिडकी कुणालाच दिसत नाही. ६० मिनिटांची मूळ मुदत संपते आणि लाल फुली येते. बिचारा कर्मचारी समजतो, मशीनच खराब आले. म्हणून प्रोग्रॅम सायलेंट स्विचने (काहीही न विचारता बसवण्याची आज्ञा) लावून एका मशीनवर तपासा आणि मगच सगळ्यांना द्या. इंट्यूनमध्ये थेट टाकलेली एमएसआय आणि विन३२ अशा दोन प्रकारची अॅप्स एकत्र मिसळू नका, ती एकाच वेळी बसू लागली की एकमेकांना अडवतात. कर्मचाऱ्याला डेस्कटॉप दिसण्याआधी बसायलाच हव्यात अशा अॅप्सच्या यादीत तीन-चारच ठेवा, बाकीची नंतर येऊ द्या. डेस्कटॉपला यूपीएस हवाच, मध्येच वीज गेली तर काम अडकू शकते.

दुरुस्तीत मदरबोर्ड बदलला की हॅशही बदलतो. जुनी नोंद काढून नवी करावी लागते. सेकंडहँड मशीन घेताना मागच्या मालकाने नोंद काढली आहे ना, हे पैसे देण्याआधी पाहा. नाहीतर ते सुरू होताच त्याच्याच संस्थेचा लॉगिन मागेल, आणि फॉरमॅट करूनही ते सुटत नाही.

परवान्याचे म्हणाल तर ३०० वापरकर्त्यांपर्यंत मायक्रोसॉफ्ट ३६५ बिझनेस प्रीमियम पुरते; इंट्यून त्यातच येते. वेगळे घेण्याआधी चालू बिलात काय आहे ते पाहा.

आपला,
एक संगणक व्यवस्थापक, सोलापूर