ग्रीन कार्डाच्या रांगेतील घरे आणि मुले

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात अमेरिकेच्या व्हिसा धोरणाविषयी नियमित बातम्या येतात. एच-वन-बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसाचे वाढीव शुल्क, लॉटरी आणि नोकरकपात यांना त्यांत ठळक जागा मिळते आणि ते योग्यच आहे. परंतु येथे येऊन दहा-पंधरा वर्षे झालेल्या, नियमाने कर भरणाऱ्या कुटुंबांची खरी अडवणूक घरकर्ज आणि मुलांच्या उच्च शिक्षणासाठीचे सरकारी अर्थसाहाय्य या दोन ठिकाणी होते आणि त्याविषयी मराठीत सविस्तर लिहिलेले माझ्या तरी वाचनात आलेले नाही. न्यू जर्सीतील आमच्या मराठी मंडळात बारावीच्या मुलांना कॉलेजचे अर्ज भरण्यास मदत करण्याचे काम मी करते. त्या अनुभवाच्या आधारे हे पत्र लिहीत आहे.

अमेरिकेत 1965 च्या उच्च शिक्षण कायद्याखाली मिळणारी अनुदाने, विद्यार्थी कर्जे आणि कॉलेजातील कामाच्या रूपाने मिळणारी मदत यांसाठी फॅफ्सा हा एकच अर्ज भरावा लागतो. त्यात नागरिकत्वाविषयी एक प्रश्न असतो आणि त्याला तीन पर्याय असतात: नागरिक, पात्र बिगरनागरिक आणि या दोहोंपैकी काहीही नाही. ग्रीन कार्डधारक (म्हणजे कायमस्वरूपी वास्तव्याची परवानगी असलेले), निर्वासित आणि ज्यांचा आश्रयाचा अर्ज मंजूर झाला आहे अशी माणसे दुसऱ्या पर्यायात बसतात. आईवडिलांच्या एच-वन-बीमुळे एच-फोर या कुटुंबीयांच्या व्हिसावर वाढलेल्या मुलाला मात्र तिसराच पर्याय निवडावा लागतो आणि केंद्र सरकारच्या मदतीला आपण पात्र नसल्याचे त्याला तिथेच कळते.

एकाच घरातील दोन भावंडांचे उदाहरण देते, कारण अशी घरे आमच्या भागात अनेक आहेत. थोरली नाशिकला जन्मली आणि चौथ्या वर्षी येथे आली. धाकटा येथेच जन्मला, म्हणून तो जन्मानेच नागरिक आहे. दोघे एकाच शाळेत शिकले, दोघांच्या अर्जात आईवडिलांच्या उत्पन्नाचा आकडा एकाच करविवरणातून येतो. धाकट्याला कुटुंबाचे उत्पन्न कितीही असले तरी पहिल्या वर्षी 5,500 डॉलरपर्यंतचे केंद्रीय विद्यार्थी कर्ज स्वतःच्या नावावर मिळू शकते. थोरलीला एक डॉलरही मिळत नाही. खासगी कर्जासाठी बँक बहुधा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक जामीनदार मागते आणि ओळखीच्या बहुतेक कुटुंबांचे ग्रीन कार्डही अर्जांच्या लांब रांगेत अडकलेले असते. एच-फोरवरील मुलांना नोकरीची परवानगी नसल्यामुळे कॉलेजच्या वाचनालयात चार तास काम करून खर्चाला हातभार लावणेही त्यांना शक्य होत नाही. आमच्याकडच्या अनेक कुटुंबांचे उत्पन्न पेल ग्रँट या कमी उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांसाठीच्या केंद्रीय अनुदानाच्या मर्यादेपेक्षा जास्त असते, हे खरे आहे. 7,395 डॉलरचे ते कमाल अनुदान त्यांना एरवीही मिळाले नसते. पण एकाच्याच पगारावर चालणाऱ्या घरांना ते मिळू शकले असते आणि अशी घरे बाहेरून वाटतात त्याहून बरीच जास्त आहेत.

यापुढची अडचण वयाची आहे. एकविसावे वर्ष पूर्ण झाले की एच-फोर संपतो. मग विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागतो आणि बालपणापासून येथेच वाढलेल्या मुलाची गणना परदेशी विद्यार्थ्यांत होते. 2002 च्या कायद्याने ग्रीन कार्डासाठी या वयाच्या मोजणीत थोडी सवलत दिली आहे. तिचा लाभ अधिक मुलांना व्हावा म्हणून फेब्रुवारी 2023 मध्ये मोजणीची पद्धत शिथिल करण्यात आली होती, परंतु 15 ऑगस्ट 2025 पासून ती पुन्हा कडक झाली. लहानपणी आलेल्या मुलांना हद्दपारीपासून संरक्षण देणाऱ्या 2012 च्या डाका योजनेचाही या मुलांना उपयोग झाला नाही, कारण ती योजना कागदपत्रे नसलेल्यांसाठी होती आणि यांची कागदपत्रे चोख होती. प्लायलर विरुद्ध डो या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये बारावीपर्यंतच्या सरकारी शाळेचे दार प्रत्येक मुलासाठी खुले ठेवले. त्या दारातून बाहेर पडल्यावर पुढे काय, याचे उत्तर राज्याराज्यांत वेगळे मिळते आणि केंद्राकडून ते नकारार्थी आहे.

येथे एका गोष्टीविषयी मला स्पष्ट बोलायचे आहे. आपल्या लोकांच्या बैठकींत एक वाक्य हमखास ऐकू येते: "शरणार्थ्यांना सगळे मिळते आणि आम्ही रीतसर आलो तर आमच्या मुलांना काही नाही." त्यामागची व्यथा मला कळते, पण तक्रारीचे बोट चुकीच्या दिशेला आहे. जिवाच्या भीतीने देश सोडून आलेल्या आणि सरकारी चौकशीत ती भीती खरी ठरलेल्या माणसाकडे परतीचा रस्ता नसतो. त्याच्या मुलांना शिकायला मदत मिळते ती 1980 च्या निर्वासित कायद्याने स्वीकारलेल्या जबाबदारीचा भाग म्हणून, आणि ती मिळालीच पाहिजे. शिवाय ज्यांचा अर्ज अजून प्रलंबित आहे त्यांना केंद्रीय मदत मिळत नाही आणि हे अर्ज वर्षानुवर्षे पडून राहतात. आश्रयार्थ्याची मुलगी आणि एच-फोरवरची आपली मुलगी या दोघींचे हित एकमेकींच्या विरोधात नाही. पहिलीला दिलेली पात्रता दुसरीलाही द्या, ही मागणी न्याय्य आहे. पहिलीकडून ती काढून घ्या, ही मागणी करण्याचा आपल्याला काहीही अधिकार नाही.

घरकर्जाच्या बाबतीत तर आश्रय मिळालेला माणूस आणि एच-वन-बीधारक या दोघांची अडचण जवळजवळ सारखीच आहे. 1934 पासून अस्तित्वात असलेले एफएचए हे सरकारी खाते स्वतः कर्ज देत नाही, बँकेच्या कर्जाला विमा देते आणि त्यामुळे साधारण क्रेडिट स्कोर असलेल्यालाही साडेतीन टक्के डाउन पेमेंटवर घर घेता येते. भारतातला सिबिल स्कोर येथे उपयोगाचा नसल्याने पहिली काही वर्षे ज्यांची पत कागदावर कोरीच असते, त्यांना ही सोय फार मोलाची होती. 25 मे 2025 पासून ती एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावरील लोकांसाठी बंद झाली. बँकांकडून घरकर्जे विकत घेणाऱ्या फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या संस्थांच्या नियमांप्रमाणे कायदेशीर वास्तव्य असलेल्या माणसाला आजही कर्ज मिळू शकते, पण बँका आपल्या जादा अटी घालतात: व्हिसाची किती मुदत उरली आहे, तो वाढल्याचा पुरावा कोठे आहे, डाउन पेमेंट अधिक देता का. आश्रय मिळालेल्या माणसाच्या दर्जाला मुदतच नसते आणि काम करण्याचा त्याचा हक्क त्या दर्जामुळेच असतो. पण लोन ऑफिसर पाहतो ते हातातले ईएडी, म्हणजे काम करण्याच्या परवानगीचे कार्ड. पूर्वी ते पाच वर्षांचे मिळत असे. डिसेंबर 2025 पासून नवी कार्डे जास्तीत जास्त अठरा महिन्यांची झाली आहेत. तीस वर्षांच्या कर्जाच्या फाइलवर अठरा महिन्यांचे कार्ड ठेवले की कर्ज मंजूर करणाऱ्याच्या मनात कोणता प्रश्न उभा राहतो, हे सांगण्याची गरज नाही.

सरकारचे म्हणणे असे की या लोकांचे वास्तव्य अनिश्चित असते, म्हणून करदात्यांच्या पाठबळाचे कर्ज त्यांना देणे जोखमीचे आहे. नोकरी गेल्यास एच-वन-बीधारकाला जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात, हे लक्षात घेता या म्हणण्यात अजिबात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. परंतु एफएचएच्या विम्याचा हप्ता कर्जदार स्वतःच भरतो. आणि ही अनिश्चितता कोणी निर्माण केली? नोकरीवर आधारित ग्रीन कार्डे कुटुंबीयांसह वर्षाला साधारण एक लाख चाळीस हजार, ही 1990 च्या कायद्याची मर्यादा आहे. त्यात कोणत्याही एका देशाला सुमारे सात टक्क्यांहून अधिक वाटा नाही. भारतासारख्या देशातील अर्जदाराचा नंबर दशक उलटले तरी लागत नाही. रांग कायद्याने लांबवायची आणि रांगेत उभा आहे म्हणून त्याला तात्पुरता ठरवायचे, हे मला अन्यायाचे वाटते. किती वर्षे वास्तव्य झाले, किती वर्षे कर भरला, मूल कोणत्या शाळेत शिकले, हे पात्रतेचे निकष असायला हवेत. एच-फोरवरील मुलांना दिलासा देणारे विधेयक 2021 मध्ये अमेरिकेच्या संसदेत, म्हणजे काँग्रेसमध्ये आले, नंतर पुन्हा मांडले गेले, पण त्याचा कायदा झालेला नाही.

आपणास विनंती अशी की पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर येथून मुलांना घेऊन अमेरिकेला निघालेल्या कुटुंबांसाठी ही माहिती आपल्या करिअरविषयक पुरवणीत द्यावी. पगाराचा आकडा सगळे विचारतात. मूल दहा-बारा वर्षांचे असेल तर ग्रीन कार्डाचा अर्ज कंपनी पहिल्याच वर्षी दाखल करणार का, त्या राज्यात एच-फोरवरील विद्यार्थ्याला स्थानिकांची फी लागू होते का, आणि कॉलेजची चार वर्षे केंद्रीय मदतीशिवाय निभावता येतील का, हे प्रश्नही ऑफर लेटरवर सही करण्याआधी विचारले गेले पाहिजेत.

आपली नम्र,
एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी