फोंड्याच्या बंबवाल्या दादांना, बोरीहून

फोंडा (गोवा) अग्निशमन केंद्रातील सर्व जवानांना आणि त्या दुपारी फोनवर असलेल्या दादांना,

सप्रेम नमस्कार.

आमच्या सासूबाई आता काठी टेकत अंगणात फिरू लागल्या आहेत. परवा तुळशीला पाणी त्यांनी स्वतःच्या हाताने घातलं. हे तुम्हाला कळवायचं म्हणून हे पत्र. तुमच्याकडे रोज इतके फोन येतात की आमचं घर तुमच्या लक्षात असेलच असं नाही. म्हणून खूण सांगते: बोरीतली, दोन दगडी गडग्यांमधल्या चिंचोळ्या वाटेच्या टोकाची विहीर, मे महिन्याचा शेवटचा आठवडा आणि वळवाच्या पावसाने झोडपून काढलेली दुपार.

सकाळपासून वीज नव्हती. आली तशी आम्ही पंप लावला, पण टाकीत पाणी पडेना. "बघून येते," म्हणत आई विहिरीवर गेल्या. कठड्याचा एक चिरा सुटला होता. तो सुटलाय हे घरातल्या सगळ्यांना दोन वर्षांपासून माहीत होतं, आणि पावसाळ्याआधी बसवून घेऊ असं आम्ही दोन्ही वर्षं म्हणत आलो होतो. त्याच चिऱ्यावर त्यांनी हात टेकला.

पाणी आटून छातीएवढं राहिलं होतं म्हणून त्या बुडाल्या नाहीत. पण पडताना कमरेला मार बसला होता. पंपाच्या पाइपाला मिठी मारून त्या एका पायावर उभ्या होत्या. 74 वर्षांचं माणूस. वरून मला फक्त त्यांचे पांढरे केस आणि पाइपावरचे दोन हात दिसत होते.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. गेल्या वर्षी तुमच्यातलेच काही जण आमच्या शाळेत प्रात्यक्षिक दाखवायला आले होते. 101 ला फोन केला की आधी पत्ता सांगायचा, मग काय झालं ते, आणि पलीकडचा माणूस सांगेपर्यंत फोन ठेवायचा नाही, हे मी मुलांकडून दहा वेळा म्हणून घेतलं होतं. त्या दिवशी मला त्यातलं काहीच सुचेना. मी नुसती "आई पडल्या, आई पडल्या" म्हणत राहिले. फोनवरच्या दादांनी आवाज जराही न चढवता एकेक गोष्ट माझ्याकडून काढून घेतली. गाव कुठलं, वाडा कुठला, जवळ कुठलं देऊळ, आई बोलताहेत का. मग त्यांनी विचारलं, "पंप पाण्यातला की वरचा?"

पंप पाण्यातला होता, आणि चालू होता.

"आधी मेन बंद करा. आत्ता. मी फोनवर थांबतो."

दादा, त्या क्षणी विहिरीभोवती आम्ही आठ-नऊ माणसं जमलो होतो. खटका पाडायचं आमच्यापैकी एकाच्याही मनात आलं नव्हतं. पडताना केबल कुठे सोलली असती तर आईंच्या भोवतीच्या त्या पाण्यात वीज उतरली असती. तुम्ही पाच मैलांवर बसून ते पाहिलंत. पुढचंही तुम्हीच सांगितलंत: दोर खाली सोडा, पण तो फक्त धरायला, ओढू नका, मोडलेलं हाड असेल तर जिवावर बेतेल. एक माणूस हमरस्त्यावर उभा करा. त्यांच्याशी बोलत राहा. आणि कुणालाही खाली उतरू देऊ नका.

हे शेवटचं पाळणं फार कठीण गेलं. शेजारचा विशीतला मुलगा शर्ट काढून कठड्यावर चढलाच होता. आईंनी त्याला लहानपणी मांडीवर खेळवलंय, त्याला थांबवणार कसं? मी त्याचा हात धरून ठेवला आणि तो माझ्यावर ओरडत राहिला. नंतर तुमच्या साहेबांनी त्याला बाजूला बसवून समजावलं ते मी ऐकलं. रोजच्या वापरातल्या विहिरीचं एक वेळ ठीक, पण बंद पडलेल्या विहिरीत, टाकीत, शौचालयाच्या खड्ड्यात तळाशी जड वायू साचलेला असतो आणि प्राणवायू नसतो. उतरलेला माणूस क्षणात भोवळ येऊन पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, दुसऱ्यासाठी तिसरा. म्हणून तुम्ही पाठीवर हवेचं सिलिंडर आणि तोंडाला मास्क लावल्याशिवाय अशा जागी पाय ठेवत नाही. "तुझी माया खरी, पण त्या मायेनेच एका घरातली तीन माणसं जातात," असं ते म्हणाले. तो मुलगा मान खाली घालून ऐकत होता. आता तोच वाड्यातल्या सगळ्यांना हे सांगत फिरतो.

बंब आमच्या वाटेत शिरलाच नाही. शिरणं शक्यच नव्हतं. तुम्ही तो हमरस्त्यावर ठेवलात आणि शिडी, दोर, स्ट्रेचर खांद्यावर घेऊन पळत आलात. आल्या आल्या आम्हा सगळ्यांना कठड्यापासून लांब केलंत, कारण आमच्या वजनाने आणखी एखादा चिरा आईंच्या डोक्यावर गेला असता. दोर कठड्याला न बांधता मागच्या माडाला बांधलात. तुमच्यातले एक जण खाली उतरले.

ते उतरत असताना काय म्हणाले ते मला अजून ऐकू येतं. "माये, भियेनाका. आमी पावल्यात."

तोवर आई गप्प झाल्या होत्या, आणि त्यानेच मी धास्तावले होते. मग खालून त्यांचा आवाज आला, "आंबो खंय पडलो रे पुता?"

आम्हाला वाटलं, भ्रम झाला. तसं नव्हतं. तुम्ही रस्त्यावर आडवं पडलेलं आंब्याचं झाड कापून तसेच आमच्याकडे आला होता. त्या दादांच्या बाह्यांना लाकडाचा भुसा चिकटलेला होता, कच्च्या आंब्याच्या चिकाचा वास येत होता. विहिरीच्या तळाशी, मोडलेल्या कमरेने उभ्या असलेल्या आमच्या आईंना तो वास आला. दादांनीही अगदी घरच्यासारखं उत्तर दिलं, "रस्त्यार, माये. व्हडलो आंबो." आणि बोलता बोलताच दोराचे दोन फास केले. एक काखेखालून, एक गुडघ्यांखालून. वर ओढायला लागल्यावर आई खुर्चीत बसल्यासारख्या वर आल्या. खालच्या दादांनी दुसरा दोर ताणून धरला होता, त्यामुळे त्यांचं अंग भिंतीला एकदाही घासलं नाही. वर आल्यावर मी पाहिलं, त्यांच्या कोपराला साधं खरचटलेलंही नव्हतं. जे मोडलं ते पडताना मोडलं. काढताना त्यांना काहीही झालं नाही.

पुढचं सारं 108 च्या गाडीने फोंड्याच्या इस्पितळात, तिथून गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, शस्त्रक्रिया आणि सहा आठवडे अंथरूण. ते सुरळीत पार पडलं.

तुम्ही मात्र लगेच निघाला नाहीत. साहेबांनी पंपाची केबल तपासली, कठड्याचे बाकीचे चिरे हलवून पाहिले आणि आणखी कुठले दोन सैल आहेत ते खडूने खूण करून दाखवलं. मी आमसुलाचं सरबत केलं, तेवढंच तुम्ही घेतलंत. चार वाजून गेले होते. तुमच्यातले एक जण गडग्याशी उभे राहून घरी फोनवर सांगत होते, "तुम्ही जेवून घ्या, माझं काही खरं नाही." तेव्हा मला कळलं की तुम्ही सकाळपासून उपाशी आहात. मी भात लावते म्हणेपर्यंत तुम्हाला दुसरीकडचा निरोप आला. पुन्हा झाड, या वेळी एका घराच्या कौलांवर. दोर गुंडाळून तुम्ही निघालात. तुमची नावं विचारायचंही राहून गेलं.

आम्ही तुम्हाला आगीशी जोडतो, आणि बंब दिसला की कुठे पेटलं ते विचारतो. पण 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा आमच्या रस्त्यावरची झाडं तुम्हीच हटवली होती, आणि तेव्हा कोविडची लाटही जोरात होती. काणकोणला चावडी या भागात 4 जानेवारी 2014 रोजी बांधकाम चालू असलेली इमारत कोसळली, तेव्हा ढिगाऱ्याखालच्या मजुरांसाठी तुमचे लोक तिथे राबत होते. मार्च 2023 मध्ये म्हादई अभयारण्यात वणवे लागले. नौदल आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं पाणी टाकताना आम्ही टीव्हीवर पाहिली, खाली डोंगरात झाडाच्या फांद्या घेऊन आगीला झोडपणारी माणसं फार कुणी दाखवली नाहीत.

आमच्या शाळेत त्या प्रात्यक्षिकाच्या दिवशी एका मुलीने विचारलं होतं, अग्निशमन सेवा दिन 14 एप्रिललाच का. तुमच्यातल्या एकाने मुलांना मुंबई गोदीतल्या 1944 च्या स्फोटाबद्दल सांगितलं. जहाजावरची आग विझवायला गेलेले 66 जवान त्यात गेले. सांगताना त्यांनी टोपी काढून हातात धरली होती. तेव्हा मी ते नुसतं पाहिलं होतं. आता त्या हातांकडे मी वेगळ्या नजरेने पाहते.

तुम्ही सांगितलेलं सगळं केलं आहे. सुटलेला चिरा आणि खडूच्या खुणेचे दोन्ही सिमेंटात बसवले. विहिरीवर लोखंडी जाळी आली. पंपाचा खटका लाल रंगवला आणि त्याच्या वर भिंतीवर 101 आणि 112 हे आकडे लिहिले, आईंना चष्म्याशिवाय दिसतील एवढे मोठे. वाटेचा विषय मी ग्रामसभेत मांडला आहे. बंब आत येईल एवढी रुंदी मिळणं कठीण आहे, पण त्या वाटेत कुणी गाडी लावायची नाही एवढं वाड्याने कबूल केलं.

आईंनी अंथरुणात पडल्या पडल्या सूचना देऊन माझ्याकडून तोरांचं मिस्कूट, म्हणजे कैऱ्यांचं लोणचं, करून घेतलं आहे. मिठाचा अंदाज तीनदा विचारला, तिन्ही वेळा बोट लावून चव पाहिली. ती बरणी घेऊन मी येत्या रविवारी केंद्रावर येते आहे. आणि त्या दादांना एक गोष्ट विचारून यायचं मला आईंनी बजावलं आहे: तो आंबा कुणाच्या दारातला होता?

तुमची,
बोरीच्या विहिरीवरची सून