परागंदा पूर्वजाचा माग काढायचा तर सातबाऱ्यापासून

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

शिमग्या-गणपतीला चाकरमानी गावी आले की हल्ली एक चौकशी हमखास होते : आपला मूळपुरुष कोण, तो इथे आला कुठून? पिढ्यांमागे मॉरिशसला गेलेल्या मराठी कुळांतली माणसेही याच शोधात रत्नागिरी-मालवणकडे येतात. बहुतेकांची चूक एकच. आडनाव धरून थेट शिवकाळात उडी मारायची आणि मग कुणीतरी बॉलपेनने लिहून दिलेली वंशावळ देव्हाऱ्याशेजारी टांगायची. माग काढायचा तर आजपासून मागे, एकेक कागद धरून जावे लागते.

पहिला कागद सातबारा. नावाजवळ वर्तुळात आकडा असतो, तो फेरफार क्रमांक. कंसात टाकलेले नाव म्हणजे कमी झालेला माणूस, आणि आपल्याला नेमका तोच हवा असतो. त्या क्रमांकाच्या फेरफाराची (गाव नमुना ६) नक्कल तहसीलच्या अभिलेख कक्षातून मागवा. ‘अमुक हे मयत, वारस मुलगे अमुक, विधवा अमुक’ अशी नोंद मिळाली की एक पिढी पक्की झाली. त्यावरून त्याआधीचा फेरफार, मग त्याच्याही आधीचा. इथे फसवणारी गोष्ट म्हणजे नावापुढची ‘ए. कु. मॅ.’ ही तीन अक्षरे, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. थोरल्याचे एकट्याचे नाव लागलेले असते आणि धाकटे भाऊ कागदावर नसतातच. मुंबईला किंवा समुद्रापार गेलेला भाऊ बहुधा इथेच हरवतो. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणजे तो त्या घरातला नव्हता, असे समजू नये.

खोती गावांत, म्हणजे जिथे सारा वसूल करणारा वतनदार खोत होता तिथे, १९४९ च्या खोती निर्मूलन कायद्यानंतरचे फेरफार नीट वाचा. खोत कोण होता आणि जमीन कुणाच्या वहिवाटीत होती, ते तिथे कळते. त्याच्या मागे जायला १८८० च्या खोती कायद्याखाली रत्नागिरी जिल्ह्यात झालेली बोटखते, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदी, आहेत. खोतांच्या तक्षिमा (वाटे), धारेकरी (फक्त ठरलेला सारा भरणारे जमीनधारक), कुळे, कुणाकडे किती जमीन, हे त्यांत सापडते. माझ्या मते सामान्य कुणबी-भंडारी घरांसाठी कोकणात याहून मोलाचा कागद नाही. पेशवे दफ्तराची ओढ सगळ्यांनाच असते; पण तिथे वतनदार, इनामदार, किल्ल्यावरचे शिबंदीवाले सापडतात, साधे कूळ क्वचित.

जमीन नसेल तर कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, जन्म-मृत्यूचे रजिस्टर. त्यात आडनाव बहुधा नसते. ‘रामा बिन गोविंदा’ एवढेच आणि पुढे जात. बाई असेल तर ‘कोम’, म्हणजे अमक्याची बायको. एका वाडीत तीन रामा बिन गोविंदा निघू शकतात, म्हणून बापाबरोबर आजाचे नाव आणि वाडी जुळल्याशिवाय हा आपलाच म्हणू नये. शाळेच्या जनरल रजिस्टरातली १ जून ही जन्मतारीख तर गुरुजींनी दिलेली, हे सांगायला नकोच.

गाव ठरवतानाही घोळ होतो. वेरळ खेडला आहे तसे लांज्यालाही. कोळंबे रत्नागिरीत आहे, संगमेश्वरातही. कणकवली तालुका एकोणिसाव्या शतकात नव्हताच. तिथली गावे देवगड-मालवणाखाली शोधावीत. शिवाय राज्य कुणाचे होते ते आधी पाहावे. मालवण आणि वेंगुर्ले १८१२ मध्येच इंग्रजांकडे गेले, पण सावंतवाडी आणि जंजिरा ही संस्थाने १९४८ पर्यंत वेगळी होती. त्यांचे दफ्तर वेगळे, त्यामुळे श्रीवर्धनचा माणूस जुन्या कुलाबा जिल्ह्याच्या कागदांत मिळणार नाही.

आता मोडी, म्हणजे जुन्या कागदांची लिपी. शब्दांत जागा सोडलेली नसते, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. नवखे लोक ‘मौजे मजकूर’ वाचून मजकूर नावाचे गाव नकाशात शोधतात. त्याचा अर्थ एवढाच, की वर सांगितलेले गाव. ‘किता’ हेही कुणाचे नाव नव्हे, ते आपले ‘सदर’. सनाची बेरीज चुकली तर एक पिढी इकडची तिकडे होते. फसली, म्हणजे महसुली सनात ५९० मिळवले की इसवी सन येतो : फसली १२९० म्हणजे १८८०-८१. जुन्या कागदांतला दुसरा सन सुहूर, तो अरबी शब्दांत लिहितात. ‘खमस सबैन मया व अलफ’ म्हणजे ५, ७०, १०० आणि १०००, एकूण ११७५. हा सन मृगाला बदलतो, म्हणून मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे (१७७४) आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० (१७७५).

मॉरिशसच्या मंडळींनी कोकणात येण्याआधी तिकडचे काम पुरे करावे. १८३४ पासून सुमारे साडेचार लाख हिंदी मजूर तिथे उतरले आणि प्रत्येकाला क्रमांक दिला गेला. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत ही रजिस्टरे आहेत. नावावरून शोधू नका. कारकुनाच्या कानाला जसे आले तसे ते लिहिलेले असते. घरातल्या जुन्या जन्म-विवाह दाखल्यावर मजुराचा क्रमांक असेल तर तोच धरा. तिथले आजचे आडनाव हे पुष्कळदा त्या मजुराचे किंवा त्याच्या बापाचे पाळण्यातले नाव असते, त्यामुळे ते आडनाव घेऊन कोकणात फिरण्यात अर्थ नाही. बाप, जात, जिल्हा, गाव एवढे हाती घेऊन या. ठिकाण नुसते ‘मुंबई’ असेल तर ते बंदराचे नाव असू शकते, हे लक्षात ठेवा.

आणि ज्या घरांत खोतीचे जुने दफ्तर माळ्यावर पडले आहे त्यांना विनंती : त्याला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर नकोच, ते पुन्हा सुटत नाही आणि कागद आत जळतो. पावसाळ्यात गठ्ठा सोडू नका. थंडीच्या कोरड्या दिवसांत, सावलीत, फ्लॅश न वापरता दोन्ही बाजूंचे फोटो घ्या, मागच्या कोऱ्या बाजूचेही. नाव आणि सन पुष्कळदा तिथेच टिपलेले असतात.

– एक मोडीवाचक, ता. राजापूर