झेंडे लावताय, तर खाली नावंही लिहा

मा. संपादक, स.न.वि.वि.

२ सप्टेंबर २०२२ ला नौदलाच्या झेंड्यावरचा सेंट जॉर्जचा क्रॉस गेला आणि महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला, पुढच्या वर्षी ४ डिसेंबरला नौदल दिन मालवणला झाला तेव्हा अधिकाऱ्यांच्या खांद्यावरच्या पट्ट्यांवरही तीच छाप येणार असं जाहीर झालं. आम्हा अलिबागकरांना भारीच वाटलं! पण ज्या माणसांनी इथल्या समुद्रात निशाण उंच ठेवलं, त्यांची नावं कुठे आहेत?

आमच्या थळच्या किनाऱ्यावरून खांदेरी हे बेट समोर दिसतं. १६७९ च्या ऐन पावसाळ्यात महाराजांच्या आरमारातल्या मायनाक भंडारींनी तिथे माणसं उतरवून तटबंदी सुरू केली, इंग्रजांनी मुंबईहून जहाजं आणून वेढा घातला पण त्यांची जहाजं मोठी, वारा पडला की जागेवरच, आणि आपली छोटी गलबतं वल्ही मारत रात्रीच्या अंधारात थळ-नागावकडून सामान पोचवत राहिली. १८ ऑक्टोबरला महाराजांचा आरमारी सरदार दौलतखान याचं आरमार चालून गेलं, त्यात इंग्रजांच्या एका गुराबेने (लढाऊ जहाजाने) चक्क निशाण उतरवून शरणागती पत्करली. १६८० च्या जानेवारीत तह झाला आणि खांदेरी आपल्याकडेच राहिली. हा मायनाक भंडारी कोण असं गावातल्या दहावीच्या पोरांना विचारा, बघा काय उत्तर येतं. कान्होजी आंग्रे निदान समाधीमुळे तरी माहीत आहेत, पण १७८३ साली इंग्रजांचं रेंजर जहाज पकडणारे मराठा आरमाराचे सरदार आनंदराव धुळप? विजयदुर्गाबाहेर फार कुणाला ठाऊक नसतील.

झेंड्यांना माझा विरोध नाही, उगाच कुणी अंगावर येऊ नका. पण शिवजयंतीला पॉलिस्टरचा झेंडा लावायचा, फोटो काढायचे आणि मग पुढे कोणी बघायचं नाही, खाऱ्या वाऱ्याने मे महिन्यापर्यंत त्याच्या चिंध्या होतात, अर्धा कपडा गंजलेल्या पोलला गुंडाळलेला आणि सुटलेले दोरे खाली झुडपांत. याला मान म्हणायचं का?

संबंधित खात्याला एवढंच सांगणं आहे की थळच्या किनाऱ्यावर एक बोर्ड लावा, त्यावर मायनाक भंडारी, दौलतखान ही नावं आणि लढाईचं साल मराठीत, जाड अक्षरात. नवीन पोल उभारायच्या खर्चापेक्षा स्वस्तातच पडेल.

एक वाचक, थळ, ता. अलिबाग