भिंतीवरची रेघ दाखवणाऱ्या काकांना

काका, सा. न.

परवा भाडं द्यायला खाली आले ती खरं तर आभार मानायला आले होते. पण तुम्ही फणस फोडत होतात, मग विषय गऱ्यांवरच गेला आणि माझं राहून गेलं. म्हणून लिहून काढते.

फेब्रुवारीत चिपळूणला बदली झाली तेव्हा वाटलं होतं, एवढंसं गाव, आठवड्यात घर मिळेल. कुठलं काय! लोट्याला कंपनीत जाणारी मुलं तीन-चार जण मिळून फ्लॅट घेतात, त्यांना माणशी परवडतं. एका पगारावर लेकीला घेऊन राहणारीचं त्या भाड्यात कंबरडं मोडतं. वर प्रत्येक दारात तोच प्रश्न, "मिस्टर कुठे असतात?" एकदा वैतागून म्हटलं, "असतील कुठेतरी, माझ्याकडे नसतात." दुसऱ्या दिवशी ते घर अचानक 'पाहुण्यांना दिलं' होतं.

मग तो एजंट. त्याने बाजारपेठेच्या मागे तळमजल्याचा स्वस्त फ्लॅट दाखवला. नवाकोरा रंग, नवं प्लायवूड. पुराचं विचारलं तर म्हणाला, "ताई, इथवर पाणी कधी आलंच नाही." विजेचा मीटर मात्र पार छताला टेकवलेला! तेव्हा माझ्या ते लक्षात आलं नाही. टोकन द्यायला मी पर्स उघडलीसुद्धा होती. लेकीला शू लागली म्हणून वाचले.

तुमच्याकडे आले ती त्याच संध्याकाळी. तुम्ही खोली दाखवण्याआधी मला जिन्याखाली नेलंत आणि म्हणालात, "आधी हे बघा." अख्खं घर रंगवलेलं, पण तेवढा हातभर पट्टा तसाच सोडलेला. त्यावर पुराच्या पाण्याची मातकट रेघ, शेजारी पेन्सिलीने २२/७/२१. रेघ माझ्या डोक्याच्या वीतभर वर होती. "खालची खोली चार हजारांना आहे, वरची साडेपाच. लहान पोर घेऊन खालची मी तुम्हाला देणार नाही," म्हणालात आणि लेकीला विचारलंत, "कितवीत गो तू?" मला काहीच विचारलं नाहीत.

भाडं एक रुपयाने कमी केलं नाहीत, तेही मला आवडलं. उपकाराच्या ओझ्याखाली राहायला मला जमलं नसतं. खालची खोली अजून रिकामी आहे, येणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही ती रेघ दाखवता आणि तो निघून जातो, हे मी वरच्या गॅलरीतून बघते. रंगाचा एक हात फिरवला असतात तर महिन्याला चार हजार सुटले असते. काकू त्यावरून कुरकुरतात, तेही ऐकू येतं. त्यांची बाजू मला कळते हो. पण वाशिष्ठीच्या काठच्या गावात घर भाड्याने देताना एवढं एक वाक्य खरं बोलायला इतरांचं नेमकं काय जातं, ते मला अजून कळलेलं नाही.

एक कबुली राहिली. जिन्याखालच्या त्या पट्ट्यावर खडूची एक नवी खूण दिसेल, ती पुसू नका. लेकीने शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी स्वतःची उंची मापून ठेवली आहे. रेघेपर्यंत पोचायला अजून किती वर्षं लागतील, असं तिने मला विचारलं. मी म्हटलं, काकांना विचार. येईल ती.

तुमची,
वरच्या खोलीतली भाडेकरू