नोंदवही आमच्याकडे फिरवणाऱ्या अभिलेख कक्षातील मॅडमना

स. न. वि. वि.

आपले नाव मला ठाऊक आहे, पण ते या पत्रात मुद्दाम लिहीत नाही. सरकारी कार्यालयात चांगल्या कामासाठी नाव झाले, तरी त्याचा त्रास त्या माणसालाच होतो, असे माझे निरीक्षण आहे. मागल्या महिन्यातील सोमवारी दुपारी, आपल्या कक्षातील खिडकीजवळच्या टेबलापाशी, एका म्हाताऱ्या बाईसमोर आपण एक नोंदवही उघडली होती, एवढी खूण आपल्याला पुरेल. ती बाई म्हणजे माझी आई. आभार तेव्हाच मानायला हवे होते, परंतु त्या क्षणी माझा आवाज फुटला नाही.

आमचे उपनगर आज उंच इमारतींमुळे ओळखले जात असले, तरी माझ्या लहानपणी ते गाव होते. त्याला ग्रामपंचायत होती, आणि घरपट्टीची पावती ग्रामसेवक स्वतःच्या हाताने लिहून देत असत. पुढे गाव महापालिकेत गेले. रस्ते आले, नळ आले आणि ग्रामपंचायतीचे दप्तर टेम्पोत भरून कोठेतरी नेण्यात आले. ते ‘कोठेतरी’ म्हणजे नेमके कोठे, हे शोधण्यात आमची दीड वर्षे गेली.

आईला हवी होती ती ग्रामपंचायतीच्या काळातील घराच्या कर आकारणीची नोंद, म्हणजे ज्याला सगळे ‘नमुना आठचा उतारा’ म्हणतात तो. आकारणीचा उतारा हा मालकीचा पुरावा नसतो, हे मला माहीत आहे, आणि भेटलेल्या प्रत्येक अधिकाऱ्याने ते मला पुन्हा समजावूनही सांगितले आहे. परंतु घर त्या काळी उभे होते आणि त्यात राहत कोण होते, हे सांगणारा दुसरा कागद आमच्यापाशी उरलेला नव्हता. वडील गेल्यानंतर आईचे नाव कोठेच नाही, असे तिला इतक्या खिडक्यांवर इतक्या वेळा ऐकवण्यात आले होते, की शेवटी शेवटी ती स्वतःच म्हणू लागली होती, “नसेल गं लिहिलं त्यांनी.”

आपल्यापर्यंत पोहोचण्याआधी जे घडले ते सविस्तर लिहीत नाही. ज्यांनी हेलपाटे घातले आहेत त्यांना ते सांगावे लागत नाही, आणि ज्यांनी घातलेले नाहीत त्यांना ते खरे वाटत नाही. एके ठिकाणी सांगितले गेले, की जुने दप्तर पावसात भिजले. दुसरीकडे तेच दप्तर वाळवीने खाल्ले होते. तिसऱ्या ठिकाणी ते सुखरूप होते, मात्र दुसऱ्या कार्यालयाच्या ताब्यात होते, आणि त्या दुसऱ्या कार्यालयाच्या मते ते पहिल्याच्या. माहितीचा अधिकार अधिनियम 12 ऑक्टोबर 2005 रोजी अमलात आला, तेव्हापासून त्याच्या कलम 6(3) मध्ये लिहिलेले आहे, की माहिती दुसऱ्या प्राधिकरणाकडे असेल तर अर्ज पाच दिवसांत तिकडे पाठवायचा असतो. पाठवायचा असतो तो अर्ज. आमच्याकडे अर्जदारालाच पाठवण्याची रीत पडली आहे.

रीतसर अर्ज केल्यावर तिसावा दिवस उजाडण्याच्या बेताला उत्तर आले: “सदर माहिती या कार्यालयाच्या अभिलेखात आढळून येत नाही. सबब आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे.” मी आयुष्यभर मराठी शिकवली आहे, म्हणून या वाक्याकडे जरा जास्त वेळ पाहत बसले. ‘आढळून येत नाही’ या क्रियापदात शोधणारे माणूसच नाही. कोणी शोधले, कोठे शोधले, किती कपाटे उघडली, यातले काहीही त्या वाक्याला सांगावे लागत नाही. कागद जणू आपल्या पायांनी चालत येऊन भेटायचा होता आणि तो आला नाही, इतकीच त्यात कार्यालयाची जबाबदारी. मग अपील झाले, आणि अभिलेखांचे अवलोकन करू द्यावे असा आदेश मिळाला. तो मिळेपर्यंतची कथा येथे सोडून देते.

या सगळ्या प्रवासात आम्हांला उद्धट माणसे फारशी भेटली नाहीत, हेही नमूद केले पाहिजे. उलट एका अधिकाऱ्यांनी तर आईला पाहताच खुर्ची दिली, पाणी मागवले, “आजी, तुम्ही कशाला त्रास घेतलात?” असे आपुलकीने विचारले, आणि वीस मिनिटांनी आम्हांला तितक्याच आपुलकीने रिकाम्या हाताने परत पाठवले. बाहेर आल्यावर आई म्हणाली, “माणूस चांगला होता.” मला मात्र तेव्हापासून गोड बोलण्याची थोडी धास्तीच बसली आहे. खेकसणाऱ्या माणसाशी भांडता तरी येते. पाणी पाजून परत पाठवणाऱ्याशी कसे भांडणार?

त्यामुळे त्या सोमवारी आपल्या कक्षात शिरताना मनात फारशी आशा नव्हती. दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत, असा राज्य शासनाचा निर्णय 2018 सालापासून आहे. तरीही त्या वेळेत गेल्यावर “आज साहेब नाहीत” हे वाक्य ऐकण्याची तयारी ठेवूनच आम्ही घरातून निघालो होतो. आपण आदेशाची प्रत वाचली. ‘कशासाठी हवे आहे?’ हा प्रश्न आपण विचारला नाही. कायद्याने अर्जदाराला कारण सांगावे लागत नाही, हे कलम 6(2) मी पाठ करून आले होते आणि ते ऐकवण्याची वेळच आली नाही, याचे मला क्षणभर वाईटही वाटले. आपण एवढेच विचारले, की घर कोणत्या आळीत होते आणि शेजारी कोण राहत असे. आईने शेजाऱ्यांची नावे ओळीने सांगितली. आपण ती कागदाच्या कपट्यावर टिपून घेतली आणि मागच्या मांडण्यांकडे गेलात.

घरमालकाचे नाव सापडत नसेल तर शेजाऱ्याचे नाव शोधावे, कारण आकारणी करणारा माणूस घरामागून घर चालत गेलेला असतो, ही साधी गोष्ट दीड वर्षात कोणाच्याही डोक्यात आली नव्हती. माझ्याही नाही.

आपण दोनदा रिकाम्या हाताने परत आलात. दोन्ही वेळा, कोणते गठ्ठे पाहून झाले ते आम्हांला सांगितले. तिसऱ्या वेळी आपल्या हातात लाल कापडात बांधलेला एक गठ्ठा होता. कापड विरून जाळीसारखे झाले होते, गाठ सुटेना, तेव्हा आपण ती न कापता नखांनी सोडवली. आत लांबट नोंदवह्या होत्या, कडा तपकिरी पडलेल्या, एकीचा पुठ्ठा सुटलेला. पुण्याच्या पेशवे दप्तरात अठराव्या शतकातले मोडी कागद रुमालांत बांधून आजवर टिकले आहेत, आणि आमच्या गावाची चार दशकांपूर्वीची घरपट्टी ‘आढळून येत नव्हती’. प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपले अभिलेख सूची आणि अनुक्रमणिकेसह जपावेत, हे माहितीच्या कायद्याच्या कलम 4 मध्ये सुरुवातीलाच आहे. त्या गठ्ठ्यावर चिठ्ठी होती. शाई पुसट झाली होती, तरी गावाचे नाव वाचता येत होते. ज्याने ‘आढळून येत नाही’ असे लिहिले त्याने ही चिठ्ठी पाहिली नव्हती, की पाहूनही गाठ सोडवण्याचा कंटाळा केला होता, हे मला कधी कळणार नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहीत आहे तिच्याकडे येते.

पान सापडले तेव्हा नोंदवही आपल्यासमोर होती. ती आपण नेहमीप्रमाणे स्वतः वाचून, “आहे” किंवा “नाही” एवढे सांगून मिटू शकत होता. इतके केले असते तरी आम्ही आभारच मानले असते. आपण तसे केले नाही. टेबलावरचा शिक्क्यांचा डबा बाजूला सारला, ती जड नोंदवही दोन्ही हातांनी उचलून सावकाश फिरवली आणि तिची अक्षरे आईकडे केली. मग लाकडी पट्टी घेऊन ती एका ओळीखाली ठेवली आणि, आपल्याला सगळी अक्षरे उलटी दिसत असताना, आईबरोबर एकेक रकाना वाचत गेलात. घर क्रमांक. मालकाचे नाव, म्हणजे वडिलांचे. आणि पुढच्या रकान्यात, भोगवटा करणाऱ्याचे नाव. तेथे आईचे नाव होते, वेलांटी चुकलेली, पण पूर्ण, वडिलांच्या नावासकट.

आईने बोट लावले नाही. कागद खराब होईल असे तिला वाटले असावे. ती फक्त पट्टीच्या टोकापाशी वाकून पाहत राहिली आणि बऱ्याच वेळाने म्हणाली, “लिहिलंय की.” आपण म्हणालात, “बघा निवांत. पाच वाजेपर्यंत वेळ आहे.” आणि आपण आपल्या दुसऱ्या कामाकडे वळलात, आमच्याकडे न पाहता, म्हणजे आईला डोळे पुसता यावेत.

दीड वर्षात आम्ही ज्या ज्या टेबलासमोर उभे राहिलो, तेथे प्रत्येक नोंदवही, प्रत्येक धारिका, संगणकाचा प्रत्येक पडदा पलीकडे तोंड करून होता. आमच्याविषयीचे कागद आम्ही नेहमी पाठीमागून पाहिले. त्यात काय आहे ते वाचणाऱ्याच्या चेहऱ्यावरून ओळखायचे, आणि तो चेहरा वर उचलला जाईपर्यंत थांबायचे. हे इतके अंगवळणी पडले होते, की आपण नोंदवही फिरवलीत तेव्हा आई चटकन मागे सरकली. आपण ती काढून घेत आहात असेच तिला वाटले.

सौजन्य म्हणजे मऊ बोलणे, अशी माझी समजूत होती आणि वर्गात मी मुलांनाही बहुधा तेच शिकवले. आपण त्या दोन तासांत मोजकी दहा-बारा वाक्ये बोलला असाल, त्यांतली निम्मी वर्षे आणि क्रमांक यांविषयी. खुर्ची आम्हीच ओढून घेतली. पाणी आमच्याच बाटलीतले होते. आणि तरीही समोरच्या माणसाला आपल्याइतकेच वाचता येते, आणि कागद त्याचाही आहे, हे जो धरून चालतो त्याच्याइतका सभ्य माणूस मला कोठल्याही कार्यालयात भेटला नाही. आपल्याला यात विशेष काही केले असे वाटणार नाही, याचीही मला खात्री आहे. तसे वाटत असते, तर आपण ते इतक्या सहज केले नसते.

प्रमाणित नक्कल मिळाली. पुढचे काम तिच्या आधारे सुरू आहे आणि त्याला लागेल तितका वेळ लागेल. आई सध्या त्या नकलेपेक्षा वेलांटीबद्दलच अधिक बोलते. ग्रामसेवकांचे अक्षर सुंदर होते पण ऱ्हस्व-दीर्घ कच्चे होते, असे ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. ज्या नावाविषयी ती कालपर्यंत ‘नसेल’ म्हणत होती, त्यात ती आता चुका काढू लागली आहे.

तिची एक गोष्ट मात्र आपल्याकडे पोहोचवायची राहिली आहे. त्या गठ्ठ्याचे विरलेले कापड तिच्या मनातून जात नव्हते. तिने बाजारातून लाल खारवा आणवला, चारी कडांना हाताने दुमड घातली आणि एका कोपऱ्याला बांधण्यासाठी नाडी शिवली. ही आपल्याला भेट नव्हे, हे कृपया लक्षात घ्यावे. ते कापड त्या दप्तरासाठी आहे, आणि आवक नोंदवहीत त्याची नोंद करणे आवश्यक असेल तर ती जरूर करावी.

कळावे,
आपली कृतज्ञ,
एक अर्जदार

सोबत : खारव्याचा रुमाल, नग 1